करमण्याची जागा



मराठवाड्यातून हैदराबादला नोकरीसाठी आलेला मुलगा किंवा मुलगी घरी फोन करते, तेव्हा मला नैराश्य आले आहे असे म्हणत नाही. एकटे वाटते असेही सहसा म्हणत नाही. ‘करमत नाही’ एवढेच म्हणते. पलीकडून आई विचारते, जेवलीस का. वडील विचारतात, पगार झाला का. आणि दोघे मिळून सांगतात, होईल सवय. आज मला बोलायचे आहे ते या दोन शब्दांबद्दल. करमणे हे क्रियापद फार नेमके आहे. माणसाला करमते ते कुठे तरी, कुणाजवळ तरी, काही तरी करताना. ‘मला करमत नाही’ या वाक्यात ‘मी’ कर्ता नाही, ‘मला’ आहे. दोष माझ्या मनात आहे की या जागेत, हे वाक्य ठरवत नाही. दोहोंचे जुळलेले नाही एवढेच ते सांगते. करमणूक हा शब्दही त्याच घरातला. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये आपल्या साप्ताहिकाला तेच नाव दिले, आणि त्यातून वाचकांना निव्वळ गंमत नव्हे, तर रमायला एक जग दिले. आज मात्र करमणूक म्हणजे फोनवर बोट फिरवणे आणि करमत नाही म्हणजे लाडावलेपणा, असे आपण धरून चालतो. तिथेच ऐकणाऱ्याची पहिली चूक होते.

नोकरीत जीव रमत नाही, त्यातून मन खचत चालले आहे आणि शहरात आपले म्हणावे असे कोणी नाही, अशा माणसाला आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. मित्र म्हणतात, सोडून दे ती नोकरी. वडीलधारे म्हणतात, मन घट्ट कर, सगळ्यांनाच असे असते. हे सल्ले एकमेकांच्या विरुद्ध दिसतात खरे, पण दोन्ही नोकरीलाच आयुष्याचा खांब मानतात. एक म्हणतो खांब बदल, दुसरा म्हणतो त्यालाच टेकून राहा. माझे म्हणणे असे आहे की नोकरी जे देत नाही ते दुसरीकडून, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी मिळण्याची सोय आधी लागली पाहिजे. ती लागली म्हणजे सोडायचे, भांडायचे की टिकायचे, हा निर्णय माणूस धडपणे घेऊ शकतो. आणि ही सोय लावण्याचे काम एकट्या खचलेल्या माणसाच्या गळ्यात घालता येत नाही. ते आपल्यासारख्यांचे, आपल्या मराठी संस्थांचे काम आहे.

हे बोलायला हैदराबादच्या अफझलगंजापेक्षा योग्य जागा मला सुचत नाही. पाचवे निजाम अफझल-उद्-दौला यांच्या नावाची ही पेठ पहिल्यापासून पोटामागे आलेल्या माणसांची आहे. घाऊक बाजाराचे गुमास्ते, हमाल, एसटीतून उतरून महात्मा गांधी बसस्थानकाबाहेर पिशवी घेऊन उभे राहणारे नांदेड-लातूरचे लोक, उस्मानिया रुग्णालयात रुग्णाच्या उशाशी बसलेले नातेवाईक, सारे इथलेच. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसी नदीच्या पुरात हजारो माणसे गेली आणि इथले जुने रुग्णालयही गेले. रुग्णालयाच्या आवारातल्या चिंचेच्या झाडाला धरून सुमारे दीडशे जण वाचले. ते झाड लोकांनी जपले आहे. १८९१ साली सुरू झालेले आसफिया ग्रंथालय १९३६ मध्ये नदीच्या काठावरच्या नव्या इमारतीत आले. आज आपण त्याला राज्य मध्यवर्ती ग्रंथालय म्हणतो. तिथल्या लांब टेबलांवर आता स्पर्धा परीक्षांची मुले बसतात. नोकरी नसलेली मुले नोकरीसाठी रोज ठरलेल्या वेळी येऊन शेजारी शेजारी बसतात. पश्चिमेला पंधरा-वीस किलोमीटरवर ज्यांना नोकरी मिळाली आहे ती माणसे खोलीत एकटी असतात. आणखी एक दुवा आपल्या लोकांना फारसा आठवत नाही. निजामी राज्याचे मनोरुग्णालय एके काळी मराठवाड्यातल्या जालन्यात होते. १९५० च्या दशकात ते हैदराबादच्या एर्रागड्ड्याला आले. मराठवाडा आणि हैदराबाद यांचे नाते कचेऱ्या, शाळा, बाजार यांचे तसेच मनाच्या दुखण्याचेही आहे.

आता पुराव्याकडे. व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचे कापडगिरणीचे एक गाव होते. जागतिक मंदीत गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव एकदम बेकार झाले. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तरुण अभ्यासकांनी तिथे जाऊन पाहणी केली आणि १९३३ मध्ये ती छापली. अपेक्षा अशी असते की काम गेले म्हणजे मोकळा वेळ मिळेल आणि लोक अधिक वाचतील. घडले उलटे. गावच्या वाचनालयाने वर्गणी माफ केली, तरी १९२९ ते १९३१ या काळात नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. अभ्यासकांनी खिडकीआड घड्याळ घेऊन बसून रस्त्यावरच्या माणसांची चालही मोजली. पुरुष रेंगाळत, मध्येच थांबत. बायका, ज्यांना घरचे काम सुटलेले नव्हते, सरळ चालत जात. दिवसभरात काय केले, असे विचारले तर पुरुषांना सांगता येत नसे. यातून याहोडाने पुढे मांडलेला विचार मला फार मोलाचा वाटतो. नोकरी पगाराबरोबर नकळत आणखी काही देते: दिवसाला घडी, घराबाहेरची माणसे, आपल्याहून मोठ्या कामात वाटा, समाजात एक ओळख आणि हातपाय हलवत राहण्याची सक्ती. माणूस यांवर जगतो आणि गेल्याशिवाय त्याला ते कळत नाही.

हे ऐकून वडीलधारे म्हणतील, बघा, आम्ही सांगत होतो, नोकरी सोडू नका. तेवढे सरळ ते नाही. ऑस्ट्रेलियात हजारो लोकांना वर्षानुवर्षे विचारत राहून केलेल्या एका पाहणीचे निष्कर्ष २०११ मध्ये पीटर बटरवर्थ आणि सहकाऱ्यांनी मांडले. ज्या नोकरीत ताण फार, स्वतःच्या हाती काही नाही, उद्याची खात्री नाही, अशा नोकरीत गेलेल्या बेकारांची मनःस्थिती बेकार राहिलेल्यांपेक्षाही अधिक ढासळलेली दिसली. म्हणजे कोणतीही नोकरी बरी, हे खरे नाही. लंडनच्या सरकारी नोकरांवर मायकेल मार्मट यांनी केलेला ‘व्हाइटहॉल’ अभ्यास तर याहून बोलका आहे. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या फेरीत १०,३०८ कर्मचारी होते. त्यांत उपाशी किंवा बेघर कोणी नव्हते, पण कामावर स्वतःचा ताबा जितका कमी तितका हृदयविकार अधिक, असे दिसून आले. त्याआधी १९७९ मध्ये रॉबर्ट कारासेक यांनी हेच सूत्र मांडले होते: मागणी मोठी आणि मुभा छोटी, ही जोडी माणसाला मोडते. काम जास्त असणे हा निम्माच त्रास आहे. ते कसे, केव्हा, कोणत्या क्रमाने करायचे यात आपला शब्द चालत नाही, हा उरलेला निम्मा.

शहराच्या पश्चिमेकडे, माधापूर-गचिबावलीच्या बाजूला हा उरलेला निम्मा कसा दिसतो ते जरा जवळून पाहू. पीजीची खोली, तीन खाटा, खिडकी लिफ्टच्या बोळात उघडणारी. परदेशातल्या ग्राहकाच्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी चारला सुरू होणारे काम खाटेवरच, उशीला टेकून, मांडीवर लॅपटॉप ठेवून चालते. कोणता फोन किती वेळात संपवला, किती तिकिटे बंद केली, हे पडद्यावरचा आकडा ठरवतो. बाकी दोन खाटांवरची माणसे वेगळ्या पाळीत असतात. एक जण झोपलेला म्हणून दिवा लावायचा नाही, दुसरा निघून गेलेला. मेसचा डबा दारात गार होतो. घरची ज्वारीची भाकरी इथे हौसेची वस्तू झाली आहे. पगार घरच्या कोणी कधी पाहिला नाही एवढा. आता याहोडाची यादी घेऊन या खोलीत बसा. दिवसाला घडी आहे, पण ती दुसऱ्या देशाची आहे. माणसे आहेत, पण पडद्यावर. मोठ्या कामात वाटा आहे, पण त्या कामाचे तोंड दिसत नाही. नोकरी चालू असताना तिच्यातून नकळत मिळणाऱ्या देणग्या एकेक करून गळून गेल्या आहेत आणि पगार तेवढा उरला आहे. म्हणून हा माणूस नोकरीत असून मारिएन्थालच्या माणसासारखा वागतो. रविवारी दुपारी दोनपर्यंत उठत नाही, मागवलेली पुस्तके फोडत नाही, विचारले तर दिवसभर काय केले ते सांगता येत नाही. आपण त्याला आळशी म्हणतो.

इथे एक भेद केला पाहिजे, नाहीतर माझे बोलणे धोक्याचे ठरेल. करमत नाही आणि नैराश्य या दोन गोष्टी एक नव्हेत. मन उदास, कशात रस नाही, झोप उडाली किंवा संपतच नाही, भूक बदलली, आपण कुचकामी आहोत असे वाटत राहते, आणि हे दोन आठवडे सलग चालले, तर ते दुखणे आहे. त्याला औषध आहे, समुपदेशन आहे, आणि डॉक्टरकडे जाणे हे ताप आला म्हणून जाण्याइतकेच साधे असले पाहिजे. जगणे नको असे विचार येऊ लागले तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगावे; केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे. आपली अडचण अशी की दुखण्यापर्यंत पोचलेलेही दारात जात नाहीत. बंगळुरूच्या निमहान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत नैराश्याचे सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचे दिसले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शरीराच्या दुखण्याइतकाच मनाच्या दुखण्याला विमा द्यायला सांगितले आहे; पण विमा असला तरी लाज जात नाही.

एवढे बजावून मी पहिल्या आणि सर्वांत खऱ्या आक्षेपाकडे वळतो. नोकरीबाहेरची सोय म्हणून खचलेल्या माणसाला तुम्ही वाचनालयात जा, मंडळात जा, असे सांगणार. त्याला अंथरुणातून उठवत नाही. उठण्याची शक्ती असती तर तो आजारी कशाला म्हणवला असता? आक्षेपात तथ्य आहे, आणि ‘उठ, कामाला लाग’ असे म्हणणे क्रूरपणाच आहे. पण याच प्रश्नावर गोव्यात मोठे काम झाले आहे. तिथल्या संगत या संस्थेने विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर एक चाचणी घेतली. ती २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापली. ज्यांनी उपचार केले ते डॉक्टर नव्हते. मानसोपचाराचे कोणतेही शिक्षण आधी नसलेली साधी स्थानिक माणसे होती, थोडे प्रशिक्षण दिलेली. सहा ते आठ भेटी. पद्धतीचे सूत्र असे की आधी बरे वाटेल, मग काही करू, याची वाट पाहायची नाही. आधी अगदी लहानसे काही करायचे, मन मागून येते. शेजाऱ्याकडे जाऊन येणे, झाडाला पाणी घालणे, सोडून दिलेली प्रार्थना पुन्हा म्हणणे, जे त्या माणसाला पूर्वी आवडत होते तेच. काय केले आणि त्यानंतर कसे वाटले, हे पुढच्या भेटीत बसून पाहायचे. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले. नेहमीच्या सुधारलेल्या उपचारांच्या गटात हा आकडा ३९ होता. यात माझ्या दृष्टीने कळीचा भाग असा: त्या माणसाला कोणी ‘उठ’ म्हटले नाही. कोणी तरी ठरलेल्या दिवशी त्याच्याकडे आले. उठण्याची शक्ती नसलेल्याला निदान भेटायला येणारा माणूस लागतो. हे काम करायला पदवी लागत नाही, हे गोव्याने दाखवून दिले.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे. शिकागोच्या जॉन कॅसिओपो यांनी एकटेपणावर अनेक वर्षे काम केले. एकटेपणा हा भुकेसारखा शरीराचा इशारा आहे, असे ते मांडत. पण भुकेल्याला अन्न दिसले की तो धावतो, आणि फार काळ एकटा राहिलेला मात्र माणसे दिसली की सावध होतो, समोरच्याच्या चेहऱ्यात नकार शोधतो. म्हणून नुसती गर्दी जमवून एकटेपणा जात नाही. निरनिराळ्या उपायांच्या तुलनेतही हेच दिसले. स्नेहमेळावे, गणपतीची आरती यांत नवखा मुलगा कोपऱ्यात चहाचा कप धरून उभा राहतो, ‘मूळ गाव कोणते’ या प्रश्नाला तीनदा उत्तर देतो आणि पुन्हा येत नाही. मी हा आक्षेप मान्य करतो, आणि त्यातूनच माझा आग्रह निघतो: नवख्याला निमंत्रण देऊ नका, काम द्या. मंगळवारी सात ते नऊ पुस्तकांच्या नोंदी करायच्या. शनिवारी लहान मुलांच्या मराठीच्या वर्गात फळ्याजवळ उभे राहायचे. कामात हात गुंतलेले असले की समोरच्याचा चेहरा वाचत बसावे लागत नाही, बोलणे बाजूने होत राहते, आणि न आल्यास कोणाला तरी फोन करावा लागतो. याहोडाच्या यादीतल्या बहुतेक गोष्टी त्यातून परत येतात, आणि ज्या ताब्याची गोष्ट कारासेकने केली तोही थोडा येतो. नोंदवहीत काय कसे लिहायचे हे इथे त्याला कोणी पडद्यावरून सांगत नाही.

या शहरातल्या आपल्या पूर्वजांनी हेच केले होते. निजामी राजवटीत सभा भरवायला परवानगी लागे, गस्ती निशाण ५३ या सरकारी परिपत्रकाचा बडगा होता. म्हणून माणसे वाचनालयांत, शाळांत, व्यायामशाळांत, गणेशोत्सवाच्या मेळ्यांत भेटली. जवळच सुलतान बाजारात १९०१ साली तेलुगू मंडळींनी श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम काढले. त्यातले एक प्रमुख, कोमर्राजू लक्ष्मणराव, नागपुरात शिकलेले आणि मराठी उत्तम जाणणारे. मराठी मंडळींनी विवेकवर्धिनी शाळा उभी केली आणि १९२२ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय. कचेरीतली उर्दू कारकुनी करणाऱ्या त्या माणसांना नोकरीत समाधान होते असे समजायचे कारण नाही. त्यांनी समाधान नोकरीकडे मागितलेच नाही. मात्र या आठवणीने भारावून जाऊ नये. त्या दालनांत बायका थोड्या होत्या, आणि अफझलगंजात पोती वाहणारा हमाल त्या खुर्च्यांवर बसत नव्हता. आज आपण दार उघडणार असू तर स्विगीची पिशवी पाठीवर घेतलेला परभणीचा मुलगा आत येईल इतके ते उघडे हवे.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत बोचतो. तुम्ही माणसाला बाहेर रमवायला निघालात. मग त्याला पिळणाऱ्या मालकाचे काय? ही मलमपट्टी झाली आणि मालक सुटला. १९४८ च्या कारखाने कायद्याने फिरत्या चाकाला कठडा लावायला सांगितले. मनावरून फिरणाऱ्या चाकाला असा कठडा आपण अजून लावलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामाने येणारी होरपळ, म्हणजे बर्नआउट, ही कामाच्या ठिकाणची बाब म्हणून नोंदवली. नैराश्य आणि चिंता यांपायी जगात दरवर्षी सुमारे १२०० कोटी कामाचे दिवस बुडतात असाही तिचा अंदाज आहे. म्हणजे दोष कामाच्या रचनेतही आहे आणि तो तिथेच दुरुस्त झाला पाहिजे, यात मला शंका नाही. पण ती दुरुस्ती कोण मागणार? आपल्याला रविवारची सुटी कशी मिळाली ते आठवा. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांना संघटित केले, सभा घेतल्या, अर्ज लिहिले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीवाल्यांनी आठवड्याची सुटी मान्य केली. त्यासाठी हजारो कामगार एका मैदानावर जमले होते. ते एकमेकांना ओळखत होते, एका चाळीत राहत होते, एका भजनात बसत होते. आठवड्याच्या सुटीची मागणी एका खोलीत एकट्या खाटेवरून झाली नसती. तीन पाळ्यांत तीन खाटांवर विखुरलेली माणसे मालकाच्या सोयीचीच असतात. ज्याला मंगळवारी सात वाजता कुठे तरी जायचे आहे तोच आधी म्हणतो, सातनंतर मी फोन घेणार नाही. आणि तिथे त्याला असेच म्हणणारे आणखी चार भेटतात.

म्हणून आपल्या संस्थांच्या कार्यकारिणीपुढे मी एक साधी गोष्ट ठेवतो. संध्याकाळी सातला कुलूप लावणारे वाचनालय हायटेक सिटीतल्या माणसासाठी बंदच असते. रायदुर्गहून मेट्रोत बसले, अमीरपेटला गाडी बदलली, की नवव्या थांब्याला एमजीबीएस, म्हणजे महात्मा गांधी बसस्थानक, येते. आठवड्यातले दोन दिवस दिवे दहापर्यंत चालू ठेवा, नोंदवहीत नव्या माणसाच्या नावापुढे त्याचे काम लिहा, आणि तो दोनदा आला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या पीजीवर कोण जाईल, ते नाव त्याच ओळीत लिहा.